लेडबीटर्स पॉसम: लाकूडतोड थांबली, आता ढोल्यांचे काय?

डोंगरवारा

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ जानेवारी २०२४ पासून सरकारी जंगलांमधील नैसर्गिक वृक्षांची व्यापारी तोड बंद केली. त्यामागे अनेक वर्षांचा संघर्ष होता, आणि त्या संघर्षाच्या केंद्रस्थानी जे मोजके प्राणी होते त्यांत लेडबीटर्स पॉसमचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागेल. शंभर ते दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा, रात्री हिंडणारा आणि सारे आयुष्य झाडावर काढणारा हा शिशुधान प्राणी आहे. त्याच्या प्रजातीत (जीनसमध्ये) ही एकच जात असल्यामुळे तो गेला तर एक संपूर्ण शाखा संपेल. शुगर ग्लायडर हा त्याचा नातलग असला तरी ग्लायडरसारखा हवेत तरंगण्यासाठीचा अंगाचा पडदा याला नाही. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर तो उडी मारूनच जातो.

मेलबर्नच्या ईशान्येकडील डोंगरपट्ट्यात, म्हणजे तेथे ज्याला सेंट्रल हायलँड्स म्हणतात त्या भागात, माउंटन ॲश नावाच्या निलगिरी वृक्षांची उंचच उंच जंगले आहेत. हा पॉसम मुख्यतः तेथे राहतो आणि दिवसा झाडाच्या ढोलीत झोपतो. माउंटन ॲशमध्ये त्याला राहता येईल अशी ढोली तयार व्हायला किमान १२० वर्षे लागतात; ऐसपैस ढोली हवी असेल तर १९० वर्षे किंवा त्याहूनही अधिक. आज उभ्या असलेल्या जंगलाचा फार मोठा भाग १३ जानेवारी १९३९ च्या महाभयंकर वणव्यानंतर उगवलेला आहे, म्हणजे तो अजून नव्वदीच्याही आत आहे. जुनी झाडे कोसळत आहेत आणि नवी अजून पोकळ झालेली नाहीत.

माझे मत असे आहे की तोडबंदी आवश्यकच होती, पण तेवढ्याने हा प्राणी वाचणार नाही. पुढची निदान चाळीस-पन्नास वर्षे माणसाला या जंगलात हात घालून काम करावे लागेल. आपल्यापैकी अनेक जण मेलबर्न परिसरात राहतात, काहींनी वनखात्यात काम केले आहे, म्हणून हा धागा काढला. आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही वाचायला आवडतील.

रानजाई

विषय फार चांगला निवडला आहे. एक प्राथमिक शंका आहे. आपल्या भीमाशंकरचा शेकरू काटक्या-पानांची घरटी उंच फांद्यांमध्ये बांधतो आणि एकाच वेळी अशी अनेक घरटी राखून ठेवतो. मग या पॉसमला ढोलीच का लागते? ढोली मिळाली नाही तर तो फांद्यांच्या बेचक्यात घरटे बांधून राहू शकत नाही का?

यारा_काठ

रानजाई, याचे मुख्य उत्तर थंडी हे आहे. सेंट्रल हायलँड्सच्या उंच भागात हिवाळ्यात बर्फ पडते आणि एवढ्याशा देहाची ऊब फार लवकर निघून जाते. म्हणून हे प्राणी कुटुंबाने राहतात. एका ढोलीत कधीकधी बारापर्यंत पॉसम असतात. झाडाची साल दातांनी सोलून, तिचे तंतू करून ढोलीच्या मध्यभागी ते गोल घरटे करतात आणि दिवसभर त्यात एकमेकांना बिलगून झोपतात. जाड खोडाच्या भिंतीमुळे आतले तापमान बरेच स्थिर राहते. शिवाय मोठी घुबडे रात्री शिकार करतात, त्यांच्यापासूनही अरुंद तोंडाची ढोली रक्षण करते.

त्यांच्या कुटुंबाची रचनाही लक्षात घेण्यासारखी आहे. एका वसाहतीत प्रजनन करणारी एकच जोडी असते आणि बाकीची बहुतेक त्यांची पिल्ले किंवा सामावून घेतलेले नर असतात. साधारण एक ते तीन हेक्टरांचा इलाखा ही वसाहत राखते आणि त्या राखणीत मादी पुढे असते. परक्या मादीला ती मुळीच थारा देत नाही. मुलींनाही वयात येताच घर सोडावे लागते. मुलगे जास्त काळ राहतात. याचा परिणाम असा की तरुण माद्यांना अनोळखी जंगलातून नवी ढोली शोधत फिरावे लागते, आणि ढोल्या विरळ असल्या की त्यांतल्या बऱ्याच जणी वाटेतच मरतात.

ढोलीखेरीज या प्राण्याला आणखी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे वॅटलची, म्हणजे आपल्या बाभळीच्या गोतातील झाडांची, दाट मधली फळी, म्हणजे उंच झाडांखालचा थर. वॅटलच्या खोडाला तो दातांनी खाचा पाडतो आणि तिथे पाझरणारा डिंक खातो. कर्बोदके त्याला डिंकातून मिळतात, तर प्रथिने सालीखालच्या रातकिड्यांसारख्या कीटकांतून, कोळ्यांतून. दुसरी गोष्ट म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या फांद्या. हा उडत नाही, आणि जमिनीवर उतरणे त्याच्यासाठी धोक्याचे असते, त्यामुळे मधली फळी तुटली की त्याचा रस्ताच तुटतो. जुनी ढोलीवाली झाडे आणि तरुण वॅटल एकाच ठिकाणी असणे ही त्याची गरज आहे, आणि असा योग जंगलात फार थोड्या ठिकाणी जुळतो.

गोदातीर

या प्राण्याचा इतिहास वाचला की मला आपल्या रानपिंगळ्याची, म्हणजे त्या छोट्या घुबडाची, आठवण होते. फ्रेडरिक मॅकॉय या शास्त्रज्ञाने १८६७ साली लेडबीटर्स पॉसमचे पहिले शास्त्रीय वर्णन केले आणि मेलबर्नच्या संग्रहालयात प्राण्यांचे पेंढे भरणाऱ्या जॉन लेडबीटर यांचे नाव त्याला दिले. ते नमुने बास नदीच्या काठच्या दलदलीतील झाडीतून आले होते. पुढे ती झाडी शेतीसाठी साफ झाली. १९०९ पर्यंत जेमतेम पाच-सहा नमुने गोळा झाले आणि त्यानंतर कोणालाच हा प्राणी दिसला नाही. १९३९ च्या वणव्यानंतर तर तो नामशेष झाला असेच सगळे धरून चालले. ३ एप्रिल १९६१ रोजी एरिक विल्किन्सन या तरुण निसर्गअभ्यासकाला मेरीजव्हिलजवळच्या केंबरव्हिल येथे रात्रीच्या वेळी तो पुन्हा दिसला. दहा वर्षांनी, १९७१ मध्ये, व्हिक्टोरियाने त्याला राज्यप्राणी म्हणून मान दिला.

आपला रानपिंगळा १८७३ मध्ये शास्त्राला कळला, १८८४ नंतर दिसेनासा झाला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्यात पुन्हा सापडला. दोघांनाही ढोली लागते. दोघांच्याही बाबतीत अडचण तीच: प्राणी दिसत नाही म्हणून तो नाही असे मानले गेले आणि तेवढ्या अवधीत त्याचे जंगल कमी होत राहिले.

शेकरूप्रेमी

राज्यप्राणी म्हणून जाहीर करूनही पुढे त्याच राज्याच्या मालकीच्या संस्थेने त्याच्या जंगलात तोड चालू ठेवली, हे वाचून वाईट वाटले. मान आणि संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सर्वच राज्यांनी ध्यानात घ्यायला हवे.

वनपाल_निवृत्त

मी आयुष्यभर पानगळीच्या जंगलात नोकरी केली. आपल्याकडचा वणवा पालापाचोळ्यातून खालच्या खाली जातो आणि साग, ऐन ही झाडे त्यातून बहुधा वाचतात. माउंटन ॲशची गोष्ट अगदी वेगळी आहे, आणि ती समजल्याशिवाय या पॉसमचे आयुष्य समजत नाही.

माउंटन ॲशला तीव्र आग सोसत नाही. झाड मरते, पण त्याच वेळी शेंड्यावरच्या बोंडांतून बी खाली राखेत पडते आणि एकाच वयाचे दाट नवे जंगल उगवते. १९३९ मध्ये असेच झाले. त्या आगीत ७१ माणसे गेली आणि जंगलाचे अफाट क्षेत्र जळाले. परंतु आगीत मेलेली मोठी झाडे लगेच कोसळली नाहीत. ती वठून, पोकळ होऊन, कित्येक दशके उभी राहिली. त्यांच्या पायाशी नवी वॅटल माजली. म्हणजे वरती ढोल्या आणि खाली डिंक, हे दोन्ही एकाच ठिकाणी मिळाले. त्यामुळे पॉसमची संख्या वाढत गेली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बहुधा कळसाला पोहोचली. त्यानंतर ती वठलेली झाडे कुजून एकामागून एक पडू लागली, वॅटलही म्हातारी झाली आणि उतरण सुरू झाली.

म्हणून आगीला केवळ शत्रू म्हणणे बरोबर नाही. जुन्या झाडांच्या जंगलाला आग लागली तर मागे ढोल्या उरतात. तरुण जंगलाला लागली तर मागे काहीच उरत नाही. त्याहून वाईट म्हणजे, बी धरण्याइतके झाड वाढायला पंधरा-वीस वर्षे लागतात. तेवढ्या अवधीत दुसरी आग आली तर माउंटन ॲश त्या जागेवरून नाहीसा होतो आणि केवळ वॅटलचे रान उरते. खरा प्रश्न आगींमधील अंतराचा आहे.

यारा_काठ

वनपाल काका, आपण फार नेमके लिहिले आहे. ७ फेब्रुवारी २००९ च्या ‘ब्लॅक सॅटर्डे’ने हेच दाखवून दिले. त्या वणव्यांत १७३ माणसे मृत्युमुखी पडली आणि मेरीजव्हिल हे गाव जवळजवळ पूर्ण जळाले. पॉसमच्या अधिवासाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग त्यात होरपळला. लेक माउंटनवर हिमरेषेजवळच्या स्नो गम झाडीत त्याची चांगली संख्या होती, तेथे अगदी मोजके प्राणी उरले. जळालेल्या भागात पुढची कित्येक वर्षे पॉसम जवळजवळ सापडलेच नाहीत.

सुतारपक्षी

मी व्यवसायाने सुतार आहे, म्हणून माझा प्रश्न सरळ आहे. ढोली कमी असेल तर लाकडी पेट्या करून टांगता येणार नाहीत का? चिमण्यांसाठी आम्ही पेट्या करून देतो आणि त्या वापरात येतात. मापे मिळाली तर पेटी करणे काही अवघड नाही.

यारा_काठ

सुतारपक्षी, पहिल्यांदा एक गंमत सांगते. आपण ज्याचे नाव घेतले आहे तो पक्षी ऑस्ट्रेलियात मुळीच नाही! आणि ही गोष्ट या धाग्याच्या अगदी मुळाशी आहे. आपल्या सह्याद्रीत सुतार आणि तांबट जिवंत-वठलेल्या फांद्या कोरून दरवर्षी नव्या ढोल्या तयार करतात आणि त्या जुन्या झाल्या की इतर प्राणी-पक्षी वापरतात. ऑस्ट्रेलियात असा कोरणारा पक्षी नसल्यामुळे ढोली केवळ फांदी मोडणे, बुरशी, वाळवी आणि आग यांच्यामुळेच होते. शंभर-दोनशे वर्षे लागतात ती याचसाठी.

आता पेट्यांविषयी. त्यांचा उपयोग होतो, पण सगळीकडे सारखा होत नाही. यलिंगबोच्या सखल राखीव क्षेत्रात आणि लेक माउंटनवर पेट्यांनी मोठा हातभार लावला आहे. उंच ॲशच्या जंगलात पूर्वी लावलेल्या काही पेट्यांचा वापर मात्र फारच कमी झाला, आणि झाड जाड होत गेले की बांधणी तुटून पेट्या खाली पडतात, लाकूड कुजते, मधमाश्या किंवा दुसरे प्राणी आत शिरतात. पातळ फळीची पेटी उन्हाळ्यात तापते आणि हिवाळ्यात गारठते. नंतरच्या पेट्या जाड भिंतींच्या केल्या गेल्या.

अलीकडे दुसरा मार्ग वापरला जातो. दोरावर चढणारे वृक्षतज्ज्ञ पुरेशा जाडीच्या जिवंत झाडात यांत्रिक करवतीने ढोली कोरतात आणि तोंडाशी लाकडाचीच फळी बसवून लहान भोक ठेवतात. अशा कोरलेल्या ढोलीतले तापमान नैसर्गिक ढोलीच्या बरेच जवळ राहते. पॉसम त्यांत राहायला आलेले आहेत. पण झाड जिवंत असल्यामुळे जखमेच्या कडा वाढत येतात आणि भोक बुजू लागते. ते अधूनमधून तासावे लागते.

सुतारपक्षी

नाव घेताना हा विचार केला नव्हता, पण आता ते नाव सार्थ करावेसे वाटते. कोरलेल्या ढोलीची कल्पना मला पेटीपेक्षा पटली. जिवंत लाकडाची भिंत ही वाळलेल्या फळीहून केव्हाही चांगली.

अवकाळी

माझा थोडा विरोध नोंदवतो. पेट्या आणि करवतीच्या ढोल्या यांच्यावर भर दिला की लोकांना वाटते, जुने झाड गेले तरी चालेल, आपण पर्याय देऊ. एका जुन्या माउंटन ॲशमध्ये एकाच वेळी ग्लायडर, पोपट, घुबड, वटवाघूळ आणि पॉसम राहतात. शंभर पेट्या टांगूनही त्या झाडाची बरोबरी होणार नाही. शिवाय प्रत्येक पेटी तपासायला माणूस चढवावा लागतो, त्यासाठी दरवर्षी पैसा लागतो, आणि सरकार बदलले की पहिली कात्री अशाच कामांना लागते. जंगलाला त्याच्या गतीने वाढू द्यावे, हाच टिकाऊ उपाय आहे असे मला वाटते.

डोंगरवारा

अवकाळी, जंगलाला वाढू द्यावे याबद्दल दुमत नाही. परंतु १९३९ च्या झाडांना १२० वर्षे पूर्ण व्हायला २०५९ उजाडेल, आणि तेही आग लागली नाही तर. जी वसाहत आज आहे तिने तोपर्यंत कोठे राहावे, याचे उत्तर ‘जंगल वाढेल’ या वाक्यात नाही. पेटी हा जुन्या झाडाचा पर्याय म्हणून मांडला तर मीही विरोध करीन. मधल्या काळाचा आधार म्हणून मात्र ती नाकारणे मला योग्य वाटत नाही.

जिप्सलँडकर

मी लाकूड व्यवसायावर जगणाऱ्या गावांच्या परिसरात अनेक वर्षे राहतो आहे, म्हणून दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य समजतो. मे २०२३ मध्ये सरकारने तोडबंदीची तारीख २०३० वरून एकदम १ जानेवारी २०२४ वर आणली. सहा वर्षांची तयारी अपेक्षित असलेल्या कुटुंबांना काही महिने मिळाले. त्याआधीच, २०२३ च्या सुरुवातीला, मेरीव्हेलच्या कारखान्यात पांढऱ्या कागदाचे उत्पादन लाकडाअभावी थांबले होते. करवतगिरण्यांत काम करणारी माणसे जंगलाची शत्रू नव्हती. त्यांतल्या अनेकांना कोणत्या झाडावर काय राहते हे शहरातल्या माणसांपेक्षा अधिक ठाऊक होते, आणि वणव्याच्या वेळी आपली अवजड यंत्रे घेऊन आगीची पट्टी काढायला तीच पुढे जात.

दुसरा मुद्दा संख्येचा. २०१४ नंतर शोध वाढला तेव्हा उष्णता टिपणारे कॅमेरे आणि झाडावर लावलेले स्वयंचलित कॅमेरे यांच्या मदतीने कित्येक शे नव्या वसाहती नोंदल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच पूर्वी तोड झालेल्या किंवा जळलेल्या क्षेत्रांत होत्या. मग हा प्राणी आपण समजतो तेवढा नाजूक आहे का, हा प्रश्न विचारणे चूक ठरू नये.

गोदातीर

जिप्सलँडकर, आपला पहिला मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. संवर्धनाचा खर्च मोजक्या गावांनी सोसावा आणि समाधान शहराने मिळवावे, हे न्याय्य नाही.

दुसऱ्या मुद्द्याबाबत मात्र मतभेद आहे. जास्त शोधले म्हणून जास्त सापडले, याचा अर्थ संख्या वाढली असा होत नाही. एप्रिल २०१५ मध्ये केंद्र सरकारने या प्राण्याला ‘अत्यंत संकटग्रस्त’ वर्गात टाकले होते. नव्या नोंदी आल्यावर त्या वर्गाचा फेरविचार झाला आणि २०१९ मध्ये तज्ज्ञ समितीने नव्या नोंदी लक्षात घेऊनही तोच वर्ग कायम ठेवला. कारण आज किती आहेत यापेक्षा ढोलीवाली झाडे ज्या वेगाने पडत आहेत त्या वेगाने पुढे काय होईल, हा तो निकष आहे. तरुण जंगलात पॉसम दिसला, तरी तो तेथे उरलेल्या एखाद्या वठलेल्या झाडाच्या आधारानेच राहत असतो. ते झाड पडल्यावर वसाहत राहत नाही.

रानजाई

न्यायालयातील प्रकरणाबद्दल कोणी लिहील का? मी त्याविषयी तुटक बातम्याच वाचल्या आहेत.

गोदातीर

थोडक्यात लिहितो. २०१४ पासून प्रत्येक ज्ञात वसाहतीभोवती २०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात तोड करायची नाही असा नियम झाला. हे सुमारे साडेबारा हेक्टरांचे वर्तुळ. त्याच्या बाहेर सरसकट तोड आणि नंतर उरलेला पाला-फांदी जाळणे चालूच होते. ‘फ्रेंड्स ऑफ लेडबीटर्स पॉसम’ या स्वयंसेवी संस्थेने व्हिकफॉरेस्ट्स या सरकारी महामंडळाविरुद्ध दावा लावला. मे २०२० मध्ये संघीय न्यायालयाच्या न्यायमूर्ती डेब्रा मॉर्टिमर यांनी निकाल संस्थेच्या बाजूने दिला: साठाहून अधिक तोडक्षेत्रांत पॉसम आणि ग्रेटर ग्लायडर (तरंगत जाणारा दुसरा शिशुधान प्राणी) यांच्या दृष्टीने आवश्यक ती सावधगिरी घेतली गेली नाही, असे त्यांनी म्हटले. मे २०२१ मध्ये पूर्णपीठाने तो निकाल फिरवला. त्याचे कारण कायदेशीर सवलतीचे होते. केंद्र आणि राज्य यांच्यातील वनकरारामुळे अशा तोडीला केंद्रीय पर्यावरण कायद्यातून सूट मिळते, असा अर्थ लावला गेला. पुढे सर्वोच्च पातळीवर अपील दाखल करून घेण्यास नकार मिळाला. त्यानंतर ग्रेटर ग्लायडरच्या पूर्वपाहणीवरून राज्याच्या न्यायालयात वेगळे दावे झाले आणि २०२२ च्या अखेरीच्या आदेशांनंतर तोड जवळपास ठप्प झाली. म्हणजे एक दावा हरूनही प्रश्न लोकांसमोर राहिला, आणि दुसऱ्या प्राण्याच्या दाव्याने तोड थांबली.

शेकरूप्रेमी

हे माहीत नव्हते. सविस्तर लिहिल्याबद्दल आभार.

ओहोळ

मी पाण्याच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून एक वेगळा पदर जोडतो. मेलबर्नला पिण्याचे पाणी मुख्यतः याच डोंगरांतून येते. ओशॅनसी, मरूंडा, अप्पर यारा ही पाणलोट क्षेत्रे दीर्घकाळ लोकांसाठी आणि तोडीसाठी बंद ठेवलेली आहेत, आणि उरलेल्या जुन्या माउंटन ॲशचा महत्त्वाचा वाटा तेथेच आहे. जुन्या जंगलातून ओढ्यांना अधिक पाणी मिळते. तोडीनंतर किंवा वणव्यानंतर उगवलेले तरुण, दाट जंगल स्वतःच खूप पाणी पिते आणि अनेक दशके ओढ्यांचे पाणी घटते. हे तेथे दीर्घकाळ मोजले गेलेले आहे. याशिवाय २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या जंगलातील एका जुन्या ठिकाणी हेक्टरी १,८६७ टन कार्बन साठलेला आढळला, आणि तोपर्यंत जगात इतरत्र मोजलेल्या कोणत्याही जंगलापेक्षा तो अधिक होता.

पॉसमसाठी जुने जंगल राखले की शहराचे पाणीही राखले जाते. शहरातील माणसाला शंभर ग्रॅमच्या प्राण्याबद्दल आस्था वाटेलच असे नाही, पण नळाच्या पाण्याबद्दल नक्की वाटेल.

अवकाळी

ओहोळ, हाच मुद्दा मला पुढे न्यायचा आहे. पूर्वीच्या काळी पाण्यासाठी केलेली ती बंदी आज पॉसमच्याही उपयोगी पडते आहे. तेथे कोणी पेट्या टांगल्या नव्हत्या, केवळ हात आवरला होता.

वनपाल_निवृत्त

अवकाळी, हात आवरला होता हे खरे, पण तेवढेच नाही. बंद पाणलोटांतसुद्धा आगीवर पहारा असतो, विजेने लागलेली आग लहान असतानाच विझवण्यासाठी माणसे नेमलेली असतात. तरीही २००९ मध्ये अशा जुन्या राखलेल्या जंगलाचा मोठा भाग जळाला. संरक्षित क्षेत्राला कुंपण घालून आपण परत फिरलो की काम संपले, असे मी माझ्या नोकरीत कधीही पाहिले नाही. तोडीमुळे तरुण झालेले जंगल अधिक तीव्रतेने जळते का, यावर तेथील अभ्यासकांत मतभेद आहेत. डेव्हिड लिंडनमेयर १९८३ पासून या जंगलात काम करीत आहेत आणि ते व त्यांचे सहकारी होय म्हणतात. काही वनशास्त्रज्ञांना तो निष्कर्ष मान्य नाही. पण जळाल्यावर उभी राहिलेली वठलेली झाडे ‘वाया जाऊ नयेत’ म्हणून तोडून नेणे पॉसमच्या दृष्टीने सर्वांत घातक आहे. पुढच्या अर्धशतकाच्या ढोल्या त्या झाडांतच असतात.

यारा_काठ

यलिंगबोचा उल्लेख वर आला, त्याबद्दल लिहायचे राहून गेले. मेलबर्नच्या पूर्वेला ओढ्याकाठच्या दलदलीत हे राखीव क्षेत्र आहे. तेथे १९८६ मध्ये पॉसम सापडले तेव्हा सर्वांना आश्चर्य वाटले, कारण डोंगरातल्या ॲशच्या जंगलाशी त्या जागेचे काहीच साम्य नाही. मात्र बास नदीकाठचे पहिले नमुने अशाच सखल दलदलीतले होते. म्हणजे यलिंगबोतील वसाहत ही त्या हरवलेल्या सखल समूहाची उरलेली आठवण आहे. जनुकीय दृष्ट्याही ती डोंगरातल्या पॉसमहून वेगळी पडलेली आहे. आज तेथे ४० पेक्षाही कमी प्राणी आहेत, जवळच्या नात्यातील संकराचे दुष्परिणाम दिसतात आणि दलदलीतील झाडे मोठ्या प्रमाणात वाळत चालली आहेत. व्हिक्टोरियाचा राज्यपक्षी हेल्मेटेड हनीईटर हासुद्धा मुख्यतः याच छोट्या जागेत तग धरून आहे.

हिल्सव्हिल येथील अभयारण्यात २०१२ पासून या सखल समूहाचे प्रजनन करण्याचा प्रयत्न झाला, पण बंदिस्त जागेत त्यांची वाढ फारच मंद राहिली. जोडी जमवणे हीच मोठी अडचण असते, कारण मादी नको असलेल्या नराला जवळ येऊ देत नाही. आता डोंगरातल्या आणि सखलातल्या प्राण्यांचा संकर घडवून रक्त ताजे करावे, या विचाराला अभ्यासकांकडून पाठिंबा मिळतो आहे.

रानजाई

संकर केला तर सखल समूहाचे वेगळेपण नष्ट होणार नाही का?

यारा_काठ

काही प्रमाणात पुसले जाईल. पण चाळिशीच्या आतला समूह वेगळा राखून तो संपूर्णच गमावण्यापेक्षा त्याची निम्मी जनुके पुढच्या पिढ्यांत जिवंत राहणे मला अधिक मोलाचे वाटते. वेळ जाऊ दिला तर निवडीला जागाच उरणार नाही.

डोंगरवारा

या चर्चेत एक आशेची बातमीही नोंदवून ठेवतो. २०२४ मध्ये न्यू साउथ वेल्समधील कॉझिअस्को राष्ट्रीय उद्यानात स्वयंचलित कॅमेऱ्यात लेडबीटर्स पॉसम टिपला गेला. जिवंत प्राणी त्या राज्यात नोंदला जाण्याची ही पहिलीच वेळ होती. आतापर्यंत माहीत असलेल्या अधिवासापासून ते ठिकाण फार दूर आहे. ही वसाहत किती मोठी आहे आणि ती कोणत्या झाडांच्या ढोल्यांत राहते, यावर पुढचे बरेच अवलंबून राहील.

मूळ प्रश्नाकडे येतो. वरील सर्व वाचल्यावर माझे मत थोडे अधिक नेमके झाले आहे. राखणीचा पहिला पैसा उरलेल्या जुन्या झाडांना आगीपासून वाचवण्यावर आणि वठलेली झाडे उभी ठेवण्यावर खर्च व्हावा. पेट्या आणि कोरलेल्या ढोल्या यांचे काम जेथे डिंक भरपूर आहे पण ढोली नाही अशाच ठिकाणी व्हावे, सरसकट नव्हे. अवकाळी यांची हरकत त्यामुळे बरीच दूर होईल असे वाटते.

अवकाळी

बऱ्याच अंशी होते. फक्त अशा प्रत्येक ढोलीच्या देखभालीचा खर्च किमान तीस वर्षांसाठी आधीच बाजूला काढून ठेवावा, ही माझी अट राहील. वर्षावर्षाच्या तरतुदीवर पॉसमने विसंबू नये.

जिप्सलँडकर

यात मला एक गोष्ट सुचवायची आहे. उंच झाडावर यांत्रिक करवत चालवणे, खोड आतून कुजले आहे की घट्ट आहे हे आवाजावरून ओळखणे, ओल्या उतारावर सुरक्षित काम करणे ही कौशल्ये ज्या माणसांची नोकरी गेली त्यांच्याकडेच आहेत. ढोल्या कोरण्याचे, त्यांची तोंडे तासण्याचे, आगीच्या पट्ट्या राखण्याचे काम पुढची तीस-चाळीस वर्षे करायचेच असेल, तर ते याच गावांतील लोकांना कायमच्या पगारावर द्यावे. बाहेरून कंत्राटदार आणून वर्षातून दोन आठवडे काम उरकले, तर ना गाव जगेल ना पॉसम.

सुतारपक्षी

जिप्सलँडकर, मनापासून सहमत. लाकूड ओळखणारा हात एका दिवसात तयार होत नाही.

रानजाई

मेलबर्नमध्ये माझी बहीण राहते आणि तिला या कामात सहभागी व्हायची इच्छा आहे. सामान्य माणसाला नेमके काय करता येते?

यारा_काठ

रानजाई, बहिणीला ‘स्टॅगवॉचिंग’ करायला सांगा. वठलेल्या झाडाखाली सूर्यास्तापूर्वी जाऊन बसायचे, ढोलीच्या तोंडाकडे मागच्या उजळ आकाशावर नजर ठेवायची आणि काळोख पडेपर्यंत कोण बाहेर येते ते नोंदवायचे. मी काही वर्षे हे करते आहे. पॉसम फार चपळ असतो; बाहेर आला की क्षणभर थांबतो आणि लगेच फांद्यांमधून निघून जातो, त्यामुळे बोलणे आणि मोबाइल दोन्ही बंद ठेवावे लागतात. उबदार कपडे, टोपी आणि जळवांपासून बचाव म्हणून लांब मोजे आवश्यक आहेत. वारा असेल तर जुन्या झाडाखाली बसू नये, फांद्या कोसळतात; आयोजक असा कार्यक्रम रद्द करतात आणि तो नियम पाळावा. काहीच बाहेर आले नाही तरी तीसुद्धा नोंद असते आणि ती तितक्याच काळजीने लिहावी लागते, कारण रिकाम्या ढोल्या कोठे आहेत हे कळले तरच पेटी किंवा कोरीव ढोली कोठे हवी हे ठरवता येते.